साक्षीची चकती

१

सोमवारी सकाळी साडेआठला 'संधिका' प्रयोगशाळेची सफाई करणाऱ्या शालिनीने ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाने भांडी निर्जंतुक करायचं यंत्र. घरच्या कुकरसारखंच, फक्त आकाराने थोराड. शनिवारी दुपारी तिने ते रिकामं करून ठेवलं होतं. आता आत एक काचेची बरणी होती. बरणीत राखाडी, थरथरणारा गोळा होता. वरच्या चिठ्ठीवर नाव होतं, धाकू गावस.

शालिनीने बरणीला हात लावला नाही. ती सरळ डॉ. रुद्रेश वायंगणकरांच्या खोलीत गेली.

"सर, धाकूचं ढोपर कोणीतरी शिजवलं," ती म्हणाली.

तिला हसू येत नव्हतं आणि डॉक्टरांनाही आलं नाही. पेडणे तालुक्यातल्या तुये औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या दोन शेडमध्ये चालणाऱ्या या प्रयोगशाळेने गुडघ्यातली झिजलेली कूर्चा नव्याने वाढवायचं काम हाती घेतलं होतं. कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत, पांढरं आवरण. धाकूच्या गुडघ्यातून काढलेल्या पेशींपासून नखाएवढी चकती वाढवली होती. सहा आठवडे लागले होते. बुधवारी म्हापशाच्या एका खासगी इस्पितळात ती धाकूच्या गुडघ्यात बसवायची होती. माणसात बसणारी ती 'संधिका'ची पहिली चकती होती.

डॉक्टरांनी बरणी उजेडात धरली, हलवली आणि खाली ठेवली.

"हे चुकून झालेलं नाही. आणि कोणी केलं ते मला ठाऊक आहे."

२

पोलिसांत जाण्याआधी 'संधिका'च्या मालकांनी नीतिसमितीला फोन केला. माणसांवर प्रयोग करायचा तर बाहेरच्या जाणत्या लोकांची अशी समिती लागते. समितीतर्फे चंद्रावती परसेकर आल्या. वय चौसष्ट. वैद्यकीय महाविद्यालयात एकतीस वर्षं शरीररचना शिकवून निवृत्त झालेल्या, बोलायला कमी, लिहून घ्यायला पक्क्या. धाकूच्या चकतीला मंजुरी देणाऱ्या कागदावर त्यांचीही सही होती.

"सुरुवातीपासून सांगा," त्या म्हणाल्या. "मी समितीत आहे हे विसरून सांगा."

डॉ. रुद्रेश बोलायला लागले आणि चार वाक्यांतच त्यांचा आवाज मोकळा झाला. हा विषय त्यांचा नऊ वर्षांचा होता.

"आम्ही निसर्गाची नक्कल करतो, मॅडम. पेशी नुसत्या बशीत ठेवल्या तर त्यांची साय धरते, कूर्चा होत नाही. म्हणून आधी त्यांना घर देतो. माशाच्या खवल्यातल्या प्रथिनाची जाळी, वर दाट आणि खाली विरळ, खऱ्या कूर्चेत असते तशी. मग त्यांना चालवतो."

"चालवता?"

"आपण चालतो तेव्हा कूर्चा दाबली जाते आणि सुटते. त्या दाबानेच ती घट्ट होते. आमचं यंत्र चकतीला सेकंदाला एकदा दाबतं. तासभर चाल, मग विश्रांती. दिवसातून चार वेळा. प्रत्येक रुग्णाच्या दोन चकत्या वाढवतो. एक बसवायची. दुसरी साक्षीची. साक्षीची चकती तिसाव्या दिवशी तुमच्या समितीसमोर ताकदीच्या परीक्षेला लावली, ती पहिल्या फटक्यात पास झाली. तुम्ही होता."

"होते. दुरून, काचेपलीकडून पाहिली." त्यांनी तेही लिहून घेतलं. "बसवायची चकती यंत्रातून कधी काढली?"

"शनिवारी दुपारी. बरणीत घालून उबदार कपाटात ठेवली."

"रविवारी इथे कोण कोण आलं?"

फाटकावरच्या वहीत तीन नावं होती. सकाळी दहाला स्वतः डॉ. रुद्रेश, कागद पाहायला. साडेअकराला गौरेश मांजरेकर, यंत्राला तेलपाणी करायला. चारला समीक्षा नार्वेकर, इतर पेशींचं पाणी बदलायला. तिघांकडेही सगळ्या किल्ल्या होत्या. ऑटोक्लेव्ह जुना, हाताने चावी फिरवायचा. तो किती वाजता चालला हे कळायची सोय नव्हती.

"गौरेशने केलं," डॉक्टर म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी तो माझ्यावर सगळ्यांसमोर ओरडला होता. म्हणाला, ही चकती तुम्ही बसवून दाखवाच."

३

गौरेश सातार्ड्याचा. नदीपलीकडचा, सिंधुदुर्गातला. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकांचे पंप दुरुस्त करायचा. चकत्या दाबायचं यंत्र त्याने स्वतःच्या हातांनी जुळवलं होतं. चंद्रावतीबाई आल्या तेव्हा तो त्या यंत्रापाशीच हात पुसत उभा होता.

"तू ओरडलास हे खरं?"

"खरा. माका खोटा कित्याक बोलाचा?"

"का ओरडलास?"

त्याने भिंतीवरची पाटी दाखवली. चकती ठरलेल्या खोलीपर्यंत दाबायला यंत्राला किती जोर लागतो, तो आकडा रोज सकाळी तो खडूने लिहायचा. कोणी सांगितलं नव्हतं. पंपांचे आकडे लिहायची जुनी सवय.

पहिल्या दिवशी नऊ. आठव्या दिवशी अकरा. पंधराव्या दिवशी तेरा. बाविसाव्या दिवशी, शनिवारी, चौदा. पुढचा रविवार कोरा, कारण त्या दिवशी तो आला नव्हता. सोमवारी, चोविसाव्या दिवशी, एकोणपन्नास.

"मी डॉक्टरांका सांगलंय, सायबानु, हो आकडो बरोबर नाय. तेनी सांगल्यानी, मशीन बिघडला, नीट कर. मी वजना लावन तपासलंय. मशीन बरोबर. परत सांगलंय. तेनी सांगल्यानी, चकती पिकली, तुका काय कळता? तेवा ओरडलंय." तो थांबला. "माझा मशीन खोटा बोलणा नाय, मॅडम."

"रविवारी तू उबदार कपाट उघडलंस?"

"मी थंय हात पण लावणंय नाय. तेच्यात जिवंत वस्तू आसता. माझे हात ऑइलाचे."

"आणि दोन्ही चकत्यांचे आकडे एकाच दिवशी वाढले?"

"एकाच दिसा. दोनूय. सारखे."

चंद्रावतीबाईंनी पाटीचा फोटो काढला. मग विचारलं, "त्या तेविसाव्या दिवशी तू कुठे होतास?"

"घराक. भाचीचा साखरपुडा."

"आणि समीक्षा?"

"ती आपल्या गावाक गेली होती. जत्रा होती." गौरेश बोलता बोलता गप्प झाला. त्या दिवशी प्रयोगशाळेत कोण उरलं होतं, ते त्याने आजवर मोजून पाहिलं नव्हतं.

४

समीक्षा नार्वेकर सत्तावीस वर्षांची. पेशींना खाऊपिऊ घालायचं काम तिचं. तिने चंद्रावतीबाईंना खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली. तिचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचा होता, पण आवाज नीट होता.

"पेशी जिवंत आहेत हे तुला रोज कशावरून कळतं?"

"पाण्यावरून, मॅडम. त्यांना घालतो ते पाणी गुलाबी असतं. त्या खातात, पितात, मग पाणी आंबतं आणि पिवळट होतं. पिवळट झालं की बदलायचं."

"वही दाखव."

तिने वही दिली, पण हातातून सोडायला जरा वेळ लावला. प्रत्येक दिवसापुढे तिच्या बारीक अक्षरात रंग लिहिलेला होता. पहिले एकोणीस दिवस पिवळट, पिवळट, पिवळट. विसाव्या दिवशी 'फिकट पिवळट'. बाविसाव्या दिवशी 'फार फिकट'. चोविसाव्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच शब्द होता, गुलाबी.

"म्हणजे चोविसाव्या दिवसापासून आत कोणी काही खाल्लं नाही."

"सरांना सांगितलं मी. ते म्हणाले, पेशी मोठ्या झाल्या, आता कमी खातात."

"आणि तुझा विश्वास बसला?"

समीक्षाने वहीतल्या 'गुलाबी' या शब्दावर बोट ठेवलं.

"इस्पितळाला सांगावंसं वाटलं नाही?"

"फोन केला होता. शुक्रवारी. तिथली बाई म्हणाली, तुमच्या प्रमुखांमार्फत बोला."

चंद्रावतीबाई उठल्या. शालिनीला बोलावून त्यांनी एकच गोष्ट विचारली. बरणी सापडली तेव्हा झाकण कसं होतं? शालिनीने आठवून सांगितलं. पुरतं आवळलेलं नव्हतं, अर्धा आटा सैल होतं. झाकणावर पट्टेपट्टे असलेली ती चिकटपट्टीही होती, उष्णता लागली की काळी पडते ती.

मग त्या शीतकपाटापाशी गेल्या. खालच्या कप्प्यात, मिठाच्या पाण्यात, धाकूची साक्षीची चकती होती. जशी ठेवली तशी. तिला कोणीही हात लावलेला नव्हता.

चंद्रावतीबाई ती डबी हातात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. ज्याने एक चकती शिजवली, त्याच्या हाताशी दुसरीही होती. पुरावा मिटवायचा असता तर तिलाही त्याच बरणीत टाकायला कितीसा वेळ लागला असता?

त्यांनी समीक्षाकडे टाचणी आणि काळी शाई मागितली.

५

"गौरेश, तुझ्याकडे एखादी सरावाची चकती आहे? पूर्णपणे इथेच वाढलेली?"

होती. यंत्राची चाचणी घेताना वाढवलेली, मऊ पडलेली, टाकून द्यायची राहिलेली. डॉ. रुद्रेशही आले. चौघेजण टेबलाभोवती उभे राहिले.

चंद्रावतीबाईंनी टाचणी शाईत बुडवली आणि सरावाच्या चकतीत पाच ठिकाणी टोचली. जादा शाई टिपून घेतली. पाच काळे ठिपके उमटले, गोल, मोहरीच्या दाण्यासारखे.

"आता साक्षीची," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तो नमुना समितीचा आहे, तो खराब—" डॉक्टर पुढे आले.

"मीच समिती आहे." त्यांनी टाचणी टोचली. एक, दोन, तीन, चार, पाच.

शाई टिपल्यावर गौरेश खाली वाकला. साक्षीच्या चकतीवर ठिपके नव्हते. प्रत्येक टोचणीची एक चीर झाली होती. पाचही चिरा लांबट, बारीक आणि एकाच दिशेला, नांगराच्या तासांसारख्या.

"ह्या काय?" गौरेशने विचारलं.

"पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्ही हे दाखवायचो. खऱ्या सांध्यातल्या कूर्चेचे धागे एका दिशेला लागलेले असतात, कारण जनावर चालतं तेव्हा सांधा नुसता दाबला जात नाही, घसरतोही. जन्मभर एकाच दिशेने. गोल टाचणी टोचली तरी भोक त्या दिशेने फाटतं." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "तुझं यंत्र सरळ खाली दाबतं आणि सरळ वर येतं. त्याला घसरणं ठाऊकच नाही. त्याने वाढवलेल्या चकतीवर अशी चीर पडणं शक्य नाही."

त्यांनी टाचणी पुसून खाली ठेवली.

"ही चकती कधीतरी चाललेली आहे, डॉक्टर," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "कोणाच्या पायाने?"

६

डॉ. रुद्रेश स्टुलावर बसले. नाकारण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. नऊ वर्षं कूर्चेवर काम केलेल्या माणसाला त्या चिरांचा अर्थ वेगळा सांगायला नको होता.

"डुकराच्या," ते म्हणाले. "म्हापशाच्या बाजारातून सांधा आणला."

"तेविसाव्या दिवशी."

"हो. धाकूच्या पेशी विसाव्या दिवसापासून मरायला लागल्या होत्या. चकती पेजेसारखी मऊ होती. तिसाव्या दिवशी तुम्ही सगळे येणार होता. ती परीक्षा नापास झाली असती तर शेडला कुलूप लागलं असतं." त्यांनी समीक्षाकडे पाहिलं नाही. "मी तो तुकडा सात वेळा धुतला. त्यात एकही पेशी ठेवली नाही. डुकराच्या हृदयाच्या झडपा माणसांना बसवतातच की, मॅडम. धाकूला चाललं असतं."

"चाललं असतं, तर त्याला विचारायचं होतं."

डॉक्टरांनी मान खाली घातली. मग एकदम डोकं वर करून म्हणाले, "पण ती बरणी मी शिजवली नाही. देवाशपथ. मी बुधवारची तयारी करत होतो."

"ठाऊक आहे."

गौरेशने दचकून बाईंकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता पाळी आपली.

चंद्रावतीबाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. बोलताना त्या कोणाकडेच पाहत नव्हत्या, वर्गात धडा सांगावा तशा बोलत होत्या.

"बनाव करणाऱ्याने शिजवलं असतं तर त्याने आधी साक्षीची चकती नष्ट केली असती. धोका तिच्यात होता. ती सोडली, म्हणजे शिजवणारा बनाव करणारा नव्हे. त्याला शस्त्रक्रिया थांबवायची होती आणि पुरावा मात्र राहायला हवा होता. हे एक. गौरेशला आकडा चुकलाय एवढंच कळलं होतं. आतल्या चकतीला जीव नाही, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. जिवंत वस्तू म्हणून तो त्या कपाटाला हात लावत नाही. हे दुसरं. आणि तिसरं, बरणीचं झाकण. घट्ट झाकलेली काच ऑटोक्लेव्हमध्ये फुटते, म्हणून झाकण अर्धा आटा सैल करायचं, वर पट्टी लावायची. हे ज्याच्या हाताच्या वळणात बसलेलं असतं, तो चोरी करतानाही तसंच करतो."

समीक्षाने अंगावरचा पांढरा कोट काढला, घडी करून टेबलावर ठेवला.

"मीच केलं," ती म्हणाली. "रविवारी, साडेचारला."

"चिठ्ठी का नाही काढलीस?"

"त्याचं नाव होतं ते. ते कचऱ्यात कसं टाकू?" तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "मॅडम, मला चकती खोटी आहे हे ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की ती मेलेली आहे. अठरा दिवस पाणी गुलाबी होतं आणि बुधवारी ती माणसात जाणार होती. सरांना सांगितलं, इस्पितळाला सांगितलं. आणखी कोणाला सांगायचं ते मला कळेना."

"मला सांगायचं होतंस."

"तुमचा नंबर कागदावर नव्हता. फक्त सही होती."

चंद्रावतीबाईंनी वही उघडली आणि समीक्षाचं ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

७

अहवाल अकरा पानांचा झाला. डॉ. रुद्रेशांचं प्रकरण पोलिसांकडे आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे गेलं. समीक्षाला तीन महिने घरी बसवलं, कारण रुग्णाच्या नावाची वस्तू तिने कोणाला न विचारता नष्ट केली होती. शेवटचं पान चंद्रावतीबाईंनी स्वतःबद्दल लिहिलं. चकती आपण काचेपलीकडून पाहिली, हातात घेतली नाही, रंगाची वही मागितली नाही. त्याखाली सही करून त्यांनी समितीचा राजीनामा जोडला.

धाकूला सांगायचं काम मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

कारापूरला धाकू गावस घरापुढच्या ओट्यावर, बल्कांवात बसला होता, एक पाय समोरच्या बाकावर लांब करून. वय त्रेचाळीस. डिचोलीच्या खाणींवर सोळा वर्षं टिपर ट्रक चालवला. एकदा टिपरवरून उतरताना पाय मुरगळून पडला, तेव्हापासून उजवं ढोपर वाकेना. बायकोने चहा आणि उंडे-पाव आणून ठेवले. चंद्रावतीबाईंनी सगळं सांगितलं. डुकराचंही सांगितलं.

"म्हणजे त्या पोरीन शिजवलं नसतं तर आज ते माझ्या ढोपरात आसतं," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आणि माझं जे होतं ते?"

"तुमच्या पेशी तीन आठवडे जगल्या. मग मेल्या. का, ते कोणालाच नीट सांगता येत नाही. यंत्र नुसतं दाबतं, घसरवत नाही, हे एक कारण असू शकेल. गौरेश त्यात बदल करतोय. पण त्याने जमेलच असं नाही."

"म्हाका आधी कोणी सांगलंच ना की मेल्या म्हणून." धाकू चहाकडे बघत राहिला. "मी दर आठवड्याक फोन करीत होतो. बरं आसा, वाढता आसा, म्हणायचे. मी बायलेक सांगायचो, वाढता आसा."

बायको दारात उभी होती. ती आत गेली.

"तिका काढली कामावरून?" धाकूने विचारलं.

"तीन महिने. मग परत येईल. शेड उघडी राहिली तर."

शेड उघडी राहिली. नवे प्रमुख आले, नवी समिती आली. ऑगस्टमध्ये धाकूला पुन्हा विचारलं, पेशी देणार का म्हणून. तो काठी टेकत तुयेला आला, मोटरसायकलवरून, भावाच्या मागे बसून. संमतीचा कागद चार पानांचा होता. त्याने तो सगळा वाचला, दोन ठिकाणी अर्थ विचारून घेतला.

"पेशी कोण सांभाळतली?" त्याने विचारलं.

"मी," समीक्षा म्हणाली.

त्याने तिला प्रथमच पाहिलं. पेन मागितलं. सहीच्या वर थोडी कोरी जागा होती, तिथे तो ट्रकचालकाच्या मोठ्या, सावकाश अक्षरात लिहू लागला. 'वाढली नाही तर मला त्याच दिवशी सांगावे.'

मग कागद तिच्यापुढे सरकवला. समीक्षाने ती ओळ वाचली, तिच्याखाली सही केली आणि सहीशेजारी आपला फोन नंबर लिहिला.